शिवार ते शिधा : अहिल्यानगर जिल्ह्यातील परिसंस्थाधारित शेती आणि पोषणाचे धोरण

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात शेतीविषयक धोरणांचे जवळजवळ सगळे प्रयोग एकदा तरी होऊन गेले आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास लोणी येथे सुरू झालेला सहकारी साखर कारखाना, 1968 मध्ये राहुरीत स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथील पाणलोट विकास आणि अकोले तालुक्यातील कोंभाळण्याची देशी बियाण्यांची बँक हे सारे सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरच्या याच मुलखात घडले. या प्रयोगांनी पिकाचे, पाण्याचे आणि उत्पन्नाचे काय केले याच्या नोंदी विपुल आहेत; घरातल्या ताटाचे काय झाले याच्या नोंदी मात्र फार थोड्या सापडतात. परिसंस्थाधारित शेतीची बाजू धोरणकर्त्यांपुढे मांडताना नेमकी हीच उणीव आड येते, आणि ती दूर करण्याचे साधन कृषी खात्याच्या योजनांपेक्षा सरकारी धान्यखरेदीत व सार्वजनिक स्वयंपाकघरांत अधिक आहे, असे उपलब्ध पुराव्यांवरून दिसते.

परिसंस्थाधारित शेती, म्हणजे जिला जगभर ‘अ‍ॅग्रोइकॉलॉजी’ म्हणतात ती, ही शेताकडे माती, पाणी, पिके, जनावरे, कीटक आणि माणसे यांच्या परस्परसंबंधांची एक व्यवस्था म्हणून पाहणारी विद्याशाखा आहे, आणि त्या संबंधांचा उपयोग करून बाहेरून विकत आणाव्या लागणाऱ्या निविष्ठांवरचे, म्हणजे खते, औषधे व बियाण्यांवरचे, अवलंबन कमी करणारी पद्धतही आहे. ही संज्ञा 1928 च्या सुमारास बेसिल बेन्सिन या कृषिशास्त्रज्ञाने वापरली असली, तरी धोरणाच्या भाषेत ती अलीकडेच आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिची 10 अंगे सांगितली, तर जागतिक अन्नसुरक्षा समितीच्या उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने 2019 च्या अहवालात 13 तत्त्वे मांडली. त्यांत मातीचे आरोग्य आणि जैवविविधता यांच्या बरोबरीने न्याय्य बाजार, स्थानिक आहारपरंपरा आणि निर्णयातील सहभाग यांनाही स्थान मिळाले. सेंद्रिय शेतीची व्याख्या मुख्यतः काय वापरायचे नाही यावरून आणि प्रमाणपत्रावरून होते, नैसर्गिक शेतीची जीवामृत-बीजामृतासारख्या घरच्या निविष्ठांवरून होते. परिसंस्थाधारित शेतीची कल्पना या दोहोंपेक्षा रुंद आहे, कारण पिकलेले कोण खाते हा प्रश्नही ती शेतीचाच मानते.

या कल्पनेतले पुष्कळसे जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्याला नवे नाही. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या परिसरात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे जाताना तो चारपाचशे मिलिमीटरवर येतो, त्यामुळे एकाच जिल्ह्यात भात-नागलीचा डोंगरी प्रदेश आणि बाजरी-ज्वारीचा अवर्षणप्रवण प्रदेश शेजारी नांदतात. खरिपाच्या बाजरीत तूर, मटकी, हुलगा यांच्या ओळी धरायच्या, म्हणजे पाऊस दगा देऊन एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते आणि कडधान्याच्या मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्रही मिळते. रब्बीची ज्वारी निवडताना दाण्याबरोबर कडब्याचाही विचार करायचा, कारण कडब्यावर जनावरे आणि जनावरांवर शेणखत व दूध अवलंबून असते. जामखेड-कर्जतच्या शेतकऱ्याने बुटक्या, जास्त दाणा देणाऱ्या संकरित ज्वारीकडे रब्बीत फारसे वळू नये यामागे मागासलेपणा नसून हा हिशेब होता. अशा शेतातून भाकरी, डाळ, उसळ आणि ताक असा ताटाचा मोठा भाग घरीच निघत असे. अर्थात जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 1972 च्या दुष्काळात हाच पट्टा होरपळला आणि इथले लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले.

दुष्काळावरचा सरकारी उपाय त्याच्या कितीतरी आधीपासून कालव्यांचा होता. प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, गोदावरीचे कालवे त्याच्याही आधीचे, आणि हे पाणी अन्नधान्याला दुष्काळात आधार देईल अशी मूळ अपेक्षा होती. प्रत्यक्षात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, कारण त्याला कारखान्याचा ठरलेला खरेदीदार, ठरलेला दर आणि पीककर्ज यांचे पाठबळ मिळाले. राज्यात लागवडीखालील क्षेत्राचा अगदी लहान हिस्सा व्यापणारे हे पीक सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा घेते, हे वारंवार सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष क्वचित मांडला जातो, तो असा की शेतकरी पीक निवडतो ते हमखास गिऱ्हाइकाकडे पाहून. प्रवराकाठच्या उसाने जे सिद्ध केले ते बाजरीच्या आणि नागलीच्या बाबतीत कोणी करून पाहिले नाही.

पोषणाची बाजू पाहिली, तर राज्याचे चित्र त्याच्या सरासरी उत्पन्नाला शोभणारे नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश आणि 36.1 टक्के कमी वजनाची आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या फेरीतील 53.8 टक्क्यांवरून 68.9 टक्क्यांवर आणि 15 ते 49 वयाच्या स्त्रियांतील 48 टक्क्यांवरून 54.2 टक्क्यांवर गेले. रेशनवर गहू-तांदूळ नियमित मिळू लागल्याने पोट भरण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. लोह, कॅल्शियम, प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांची तूट, जिला ‘छुपी भूक’ म्हणतात, ती मात्र राहिली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नागलीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात ते 8 मिलिग्रॅमही नसते. बाजरीतले लोह सुमारे 6.4 मिलिग्रॅम आणि तांदळातले 0.65 मिलिग्रॅम. अकोले तालुक्याच्या डोंगरात नागलीची जागा रेशनच्या तांदळाने घेतली, तेव्हा उष्मांक तेवढेच राहिले आणि बाकीचे बरेच गेले. पाथर्डीसारख्या तालुक्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत तर गावची अंगणवाडी, घरची शेळी आणि परसातली भाजी ही तिन्ही वर्षातले कित्येक महिने मागेच राहतात.

मग परिसंस्थाधारित शेतीने पोषण सुधारते असा पुरावा आहे काय? जगभरातील 56 अभ्यासांचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा असे सांगतो की त्यांपैकी 78 टक्के अभ्यासांत अन्नसुरक्षा किंवा पोषणावर अनुकूल परिणाम आढळला, आणि मिश्र पिके, पशुधन व माती-व्यवस्थापन यांची जोड जितकी अधिक तितका परिणाम ठळक होता. मलावी देशातील एक्वेंडेनी रुग्णालयाच्या परिसरात कडधान्यांची आंतरपिके आणि आहारशिक्षण एकत्र राबवल्यावर मुलांच्या वाढीत सुधारणा दिसली. याउलट ओडिशाच्या केओंझार जिल्ह्यात 148 गावसमूहांवर झालेल्या काटेकोर चाचणीत, महिला गटांना शेती व पोषणाच्या चित्रफिती दाखवून चर्चा घडवल्यावर मुलांच्या आहारातील विविधता वाढली, पण कृशतेचे प्रमाण घटले नाही. हा निकाल लपवण्यासारखा नाही. पाणी, स्वच्छता, आजारपण आणि आईचे वय यांवरही बाळाचे वजन ठरते, म्हणून शेतीकडून ताटातील विविधतेचे आश्वासन द्यावे, कुपोषणमुक्तीचे देऊ नये. मंत्रालयात जाणाऱ्या निवेदनांत बहुधा उलटे घडते.

या संदर्भात जिल्ह्यातच झालेल्या एका चाचणीकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. इक्रिसॅट या हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संस्थेने लोहाचे प्रमाण जास्त असलेला बाजरीचा वाण निवडीतून तयार केला, आणि तो 2012 मध्ये महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ या नावाने आला; पिकाच्याच अंगी पोषकद्रव्य वाढवण्याच्या या पद्धतीला जैवसंपृक्तीकरण म्हणतात. अहमदनगर जिल्ह्यातील निवासी शाळांमधील 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागून, एका गटाला किलोमागे 86 मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीची आणि दुसऱ्याला 21 ते 52 मिलिग्रॅम लोह असलेल्या नेहमीच्या बाजरीची भाकरी सहा महिने रोज दोन वेळा देण्यात आली. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांची कमतरता दूर होण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या 1.64 पट ठरली. 2015 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि पुढे 2018 मध्ये अशाच मुलांच्या अवधान व स्मरणशक्तीतही फरक नोंदवला गेला. राहुरी विद्यापीठाच्या धुळे येथील केंद्राने ‘आदिशक्ती’ आणि ‘महाशक्ती’ हे लोहसमृद्ध संकरित वाणही नंतर दिले.

कट्टर परिसंस्थावादी या चाचणीला आपली मानणार नाहीत, कारण एक वाण आणि एक पोषकद्रव्य यांवर भिस्त ठेवणे हे विविधतेच्या तत्त्वाशी जुळत नाही, आणि संकरित बियाणे दर हंगामाला विकतच घ्यावे लागते. आक्षेप योग्य आहे. मात्र धनशक्ती हा सुधारित सरळ वाण असल्याने त्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते, आणि मुख्य मुद्दा वाणाचा नाहीच. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज ठरल्याप्रमाणे भाकरी थापली गेली, मुलांनी ती सहा महिने खाल्ली, आणि रक्तात फरक दिसला: प्रयोगशाळेतला नव्हे, निवासी शाळेच्या तव्यावरचा हा पुरावा आहे. ज्या जिल्ह्यात हे सिद्ध झाले, तिथल्या वसतिगृहांच्या धान्यखरेदीच्या यादीत बाजरी ही कायमची बाब व्हायला हवी होती.

दुसरा पुरावा अकोले तालुक्यातला आहे आणि त्याचे स्वरूप वेगळे आहे. कळसूबाईच्या पायथ्याचा हा प्रदेश महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा. येथे भाताच्या खाचरांच्या वर डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नागली, वरई आणि खुरासणी घेतली जाते, बांधावर आणि परसात वाल-घेवड्याचे वेल चढतात, आणि पावसाळ्याच्या तोंडी कुरडू, भारंगी, करटुली, चाईचा मोहोर अशा रानभाज्या घरी येतात. एकाच तालुक्यात काळभात, जिरवेल यांसारखे भाताचे जुने वाण आणि रंगाने, आकाराने, पिकण्याच्या काळाने वेगळे असे घेवड्याचे कितीतरी प्रकार टिकून राहिले, याचे श्रेय मुख्यतः राखेत कालवून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात बी राखणाऱ्या स्त्रियांना जाते. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बायफ या संस्थेने या बियाण्यांचे संकलन, शुद्धीकरण आणि गुणवर्णन हाती घेतले. कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे यांनी ते गावोगावच्या बचतगटांपर्यंत नेले, आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन सामाजिक संस्था उभी राहिली. राहीबाईंना 2020 चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. ‘बीजमाता’ ही उपाधी वर्तमानपत्रांतून त्यांच्या नावाला इतकी चिकटली की कामातला तांत्रिक भाग मागे पडला, तो असा: चांगल्या शेंगा वेलावरच निवडून राखणे, बी जास्त लोकांत फिरते ठेवणे, आणि परसबागेसाठी वर्षभर आळीपाळीने भाजी येईल असा संच तयार करून देणे. शेवटची गोष्ट थेट पोषणाची आहे, कारण उन्हाळ्यात भाजी विकत घ्यावी लागते आणि हाती पैसा नसेल तर ती ताटातून वगळली जाते.

कायदा या कामाच्या आड येत नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार शेतकऱ्याला आपले बी राखणे, वापरणे, देवाणघेवाण करणे आणि ब्रँड न लावता विकणे हा हक्क आहे. राज्याने 2022 मध्ये महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला पाच वर्षांसाठी 172 कोटी 39 लाख रुपये मंजूर केले, हेही स्वागतार्ह. तरीही कोषात जपलेले बी आणि ताटात आलेले धान्य यांच्यामध्ये एक मोठा टप्पा राहतो, आणि तो श्रमाचा आहे. वरईचे टरफल काढायला घरच्या जात्यावर भरड आणि पाखडणी करावी लागते, हे काम बाईचेच समजले जाते, आणि रेशनचा तांदूळ धुऊन थेट चुलीवर ठेवता येतो. वरई मागे पडण्याचे हे कारण चवीच्या किंवा प्रतिष्ठेच्या कारणांपेक्षा बळकट आहे. गावपातळीवर भरडयंत्र बसवल्याशिवाय पारंपरिक धान्याच्या प्रसाराची भाषा करणे म्हणजे स्त्रियांच्या डोक्यावर आणखी काम ठेवणे होय.

पाण्याच्या बाबतीत जिल्ह्याने दिलेला धडा सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगता येईल. ताली-बांध घालून पाणी व माती अडवावी असे जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुचवले होते, राळेगणसिद्धीत 1975 नंतर, दरेवाडीसारख्या संगमनेर तालुक्यातील गावांत भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रमातून, आणि हिवरे बाजारमध्ये 1989 पासून पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात ते प्रत्यक्षात आले. हिवरे बाजारचे वेगळेपण बंधाऱ्यांत नसून नियमांत आहे: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरवेलला मनाई, ऊस व केळीला फाटा, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पेऱ्याचे नियोजन. पीकरचना हा सामूहिक निर्णय होऊ शकतो, हे त्यातून दिसले. त्याच ताळेबंदाशेजारी गावाला लागणाऱ्या डाळीचा, भाजीचा आणि दुधाचा ताळेबंद मांडण्याची पायरी पुढची आहे, आणि आदर्श गाव योजनेच्या निकषांत ती यायला हरकत नसावी.

आता धोरणाकडे वळता येईल. केंद्राने 25 नोव्हेंबर 2024 रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला 2,481 कोटी रुपये मंजूर केले, त्यात 15 हजार समूहांतून साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकरी असे लक्ष्य आहे. त्याच सुमारास रासायनिक खतांवरचे एका वर्षाचे अनुदान दीड लाख कोटींहून अधिक होते. दोन आकड्यांतले अंतर बोलके आहे, पण खत-अनुदान एकदम कापावे असा निष्कर्ष त्यातून काढणे धोक्याचे ठरेल. श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरात माघार घेतली. तेव्हापासून या शेतीचा विषय निघाला की विरोधकांच्या हाती हे उदाहरण तयार असते. शिवाय राज्यातील हवामान-अनुकूल शेतीच्या मोठ्या प्रकल्पाचा, म्हणजे 2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा, पहिला टप्पा मराठवाडा, विदर्भातील सहा जिल्हे आणि जळगाव यांच्यापुरता होता. जामखेड-पाथर्डीची जमीन शेजारच्या बीडसारखीच असूनही जिल्ह्याच्या हद्दीमुळे ती बाहेर राहिली.

या अभियानांतली खरी अडचण रकमेची नाही. कृषी खाते हेक्टर आणि निविष्ठा मोजते, महिला व बालविकास खाते अंगणवाडीतील वजने मोजते, पुरवठा खाते वाटलेले क्विंटल मोजते, आदिवासी विकास विभाग आश्रमशाळेतील पट मोजतो, आणि या चौघांच्या नोंदी एका टेबलावर कधी येत नाहीत. परिसंस्थाधारित शेतीचा पुरस्कार करणाऱ्या संस्थाही बहुधा पहिल्याच दारात अर्ज घेऊन उभ्या राहतात. वास्तविक निर्णायक दार पुरवठ्याचे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 मध्ये तांदूळ व गव्हाबरोबर भरडधान्याचाही किलोला एक रुपया असा दर लिहिलेला आहे (2023 पासून सर्वच धान्य मोफत झाले), त्यामुळे रेशनवर बाजरी, ज्वारी वा नागली देण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार वगळून गावचे महिला गट व मंडळे यांना काम द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितले होते. ओडिशाने 2017 पासून भरडधान्य अभियानात नेमके हेच केले: आदिवासी सहकारी महामंडळामार्फत हमीभावाने नागली खरेदी, तीच नागली रेशनवर आणि केओंझारच्या अंगणवाड्यांत लाडूंच्या रूपाने. केंद्राने नागलीला 2025-26 साठी क्विंटलला 4,886 रुपये आणि बाजरीला 2,775 रुपये हमीभाव जाहीर केला आहे. अकोले तालुक्याच्या बाजारात खरेदीदारच नसेल तर हा आकडा कागदावर राहतो.

स्थानिक खरेदीच्या बाजूने एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने तिचे पीठ आठवडा-दहा दिवसांत कडवट होऊ लागते, गव्हाच्या पिठासारखे ते महिनोन्‌महिने गोदामात व मालमोटारीत ठेवता येत नाही. दूरच्या कारखान्यात बनवलेल्या पाकिटबंद आहाराच्या व्यवस्थेत म्हणूनच बाजरी बसत नाही. गावातल्या गिरणीवर दळून त्याच आठवड्यात भाकरी करणाऱ्या व्यवस्थेत मात्र ती सहज बसते. खरेदीचे अर्थकारण महाग पडेल हा आक्षेप अर्धाच खरा आहे, कारण त्यात वाहतूक, साठवण आणि न खाता परत जाणाऱ्या पाकिटांचा खर्च धरलेला नसतो.

जिल्हा पातळीवर हे करून पाहण्याची साधने हाताशी आहेत. अकोल्याच्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अबंध, म्हणजे ग्रामसभा ठरवेल तशी खर्चण्यासाठी, 2015 पासून थेट मिळते आणि त्यातून भरडयंत्र घेता येते. राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखाली आश्रमशाळा चालतात. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा पूर्ण आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना याच भागात लागू आहे. आणि परिणाम मोजायला राहुरीचे विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. तेव्हा जिल्हा नियोजन समितीने पुढील वार्षिक आराखड्यात अकोले तालुक्यातील आश्रमशाळा व अमृत आहार केंद्रांसाठी नागलीची, आणि पाथर्डी, कर्जत व जामखेडमधील वसतिगृहांसाठी बाजरीची, पेरणीपूर्वी जाहीर केलेल्या भावाने तालुक्यातच खरेदी करण्याची तरतूद करावी, आणि मुलांच्या रक्तातील हिमोग्लोबिनची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.